टाकीत चोवीस तास पाणी

मृगाचा पहिला पाऊस झाला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी खताच्या गोण्या घेऊन निघालेलं माझं ट्रॅक्टर बरोबर मारुतीच्या पारासमोर बंद पडलं. शंभर पावलं अलीकडे नाही, शंभर पावलं पलीकडे नाही. दोन-तीनदा ठसकलं, पांढरा धूर सोडला आणि गप्प झालं. पारावरचे मात्र सगळे एकदम बोलायला लागले.

त्यात नाना. नानांनी शेवटची बैलजोडी विकली त्याला वीसेक वर्षं झाली, आणि ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला त्यांनी उभ्या जन्मात हात लावलेला नाही. म्हणूनच त्यांचं निदान इतकं झटपट असतं.

"काय व्हयनं, गुरजी?"

"काही नाही नाना, एअर धरली वाटतं, डिझेलच्या नळीत हवा शिरली."

"इथेनॉल," नाना म्हणाले.

"इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, नाना. हे डिझेल आहे."

"पंप तं एकच शे ना?"

यावर काय बोलणार! मी रागारागाने दहा वेळा सेल मारला. तो मारायला नको होता, हे मला कळत होतं. बऱ्याच डिझेल पंपांना वेगळं वंगण नसतं, आतलं डिझेलच त्यांचं वंगण. पाणी आत ओढलं की पंपही घासतो, इंजिनात डिझेल फवारणारं नोझलही जातं, आणि उरलंसुरलं गंजतं. पण मागे बारा माणसं बघत असताना शहाणपण कुठून सुचणार?

शेवटी फिल्टरखालच्या काचेच्या वाटीकडे पाहिलं. तळाशी पाऱ्यासारखा गोळा हलत होता. खालचा स्क्रू ढिला करून रिकाम्या बाटलीत धार धरली. क्षणभर सगळं गढूळ, मग हळूहळू खाली पाणी, वर पिवळसर डिझेल आणि दोघांच्या मध्ये काळपट शेवाळासारखा थर.

माझं दुखणं इथून पुढे. ती बाटली नानांनी माझ्या हातातून काढून घेतली.

आधी त्यांनी ती उन्हात धरली. मग पारावर फिरवली. मग एसटी थांबली तर कंडक्टरला दाखवली. भाजीवाल्या मावशींना दाखवली. शाळेत निघालेली माझ्याच वर्गातली चार पोरं होती, त्यांना जवळ बोलावून म्हणाले, "दखा रे पोरेहो, तुम्हना गुरजीन्हं ट्रॅक्टर!" मी या पोरांना घनता शिकवतो. लिटरभर पाणी एक किलो, लिटरभर डिझेल साधारण ८३० ग्रॅम, म्हणून पाणी खाली बसतं. फळ्यावर आकृती काढून शिकवतो. एका पोराने तेच वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला हुशार विद्यार्थ्याचा राग आला.

"बैल पानी पिईसन चालस, गुरजी," नानांनी समारोप केला. "तुम्हनं ट्रॅक्टर पानी पिईसन बसस!"

पार हसला. कंडक्टरही हसला, आणि तेवढ्यासाठी एसटी दोन मिनिटं जास्त थांबली. एरवी आम्ही हात करून मरतो.

नानांना सांगावंसं वाटलं की ज्याच्या नावाने हे तेल विकतात तो रुडॉल्फ डिझेलसुद्धा १९१३ साली बोटीवरून समुद्रातच नाहीसा झाला, म्हणजे हे वैर जुनं आहे. पण नाना म्हणाले असते, "त्यानंबी झाकन उघडंच व्हतं का?"

हसणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, "गुरजी, यंदा टँकर तुमच्याकडूनच लावायचा का?" हे मात्र लागलं. उन्हाळाभर आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी, तेही पहाटे साडेतीनला, तेही गंजलेलं. अर्जावर अर्ज केले. आणि जिथे थेंब नको तिथे ते न मागता हजर. ते बोलायला मात्र पारावर कुणाला तोंड नव्हतं. तेव्हा बाटली कुणी उचलली नाही.

पुढचं थोडक्यात. टाकी खाली केली, दोन्ही फिल्टर नवे घातले, एअर स्क्रू ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत हातपंप मारला, मग नोझलच्या नळ्यांचे नट ढिले करून सेल. दुपारी दोनला सुरू झालं. अंगाला डिझेलचा वास असा की घरात जेवायला ओसरीवर वाढलं.

संध्याकाळी तणतणत पेट्रोल पंपावर गेलो. तिथल्या पोराने पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट काडीला लावून ती त्यांच्या टाकीत बुडवली. रंग बदलला नाही. मग तो शांतपणे म्हणाला, "काका, तुमचा ड्रम कुठे ठेवता?"

ड्रम अंगणात, पन्हाळीखाली. झाकण गेल्या दिवाळीपासून नाही. त्याऐवजी मी दुधाची पिशवी आणि सुतळी बांधलेली आहे. पोराला सांगितलं, घरात ठेवतो.

बाटली अजून पारावरच आहे, मारुतीच्या कोनाड्याशेजारी. काल मागायला गेलो तर नाना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, गुरजी. नवा मानूस उना का दखाडनी पडस."