खुलासा : ‘उजेड न लागणारी’ माशांच्या टाकीतील झाडे

‘अनुबियास आणि जावा फर्न यांना उजेड लागतच नाही, मुळे वाळूत खोल पुरली की झाले’ असा मजकूर मासे पाळणाऱ्यांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे. या वनस्पती कमी उजेडात तग धरतात. पण प्रकाशसंश्लेषण त्यांनाही चुकलेले नाही, त्यामुळे साध्या एलईडी दिव्याचा रोज ६ ते ८ तास उजेड त्यांना द्यावाच लागतो.

पुरण्याचा सल्ला तर त्याहून घातक आहे. अनुबियासचे आडवे, जाड, हिरवे खोड वाळूखाली दाबले गेले की ते मऊ पडून कुजू लागते आणि पाने देठासकट हातात येतात. दोन्ही झाडे दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने सैलसर बांधावीत. मुळे यथावकाश स्वतःच पकड घेतात. जावा फर्नच्या जुन्या पानांमागे रांगेने दिसणारे तपकिरी ठिपके रोग समजून पाने छाटणारेही पुष्कळ आहेत, पण ते बहुधा बीजाणूंचे, म्हणजे फर्न ज्यांपासून नव्याने उगवते त्या सूक्ष्म कणांचे, पुंजके असतात.

क्रिप्टोकोरीन हे टाकीतले आणखी एक झाड मात्र वाळूतच लावावे, आणि नव्या पाण्यात त्याची पाने विरघळली तरी मुळे उपटू नयेत. काही आठवड्यांत त्यांतूनच नवी पाने फुटतात.