लोणच्यात पाणी

काकडीचं लोणचं असतं, हे आमच्या आईला अजून मान्य नाही. काकडीची कोशिंबीर असते, खमंग काकडी असते, पावसाळ्यात मांडवावर तवसं धरलं की त्याचं धोंडस असतं. लोणचं कैरीचं, लिंबाचं, फार तर करवंदाचं. काकडीत 100 पैकी 95 भाग पाणी, आणि पाणी म्हणजे लोणच्याचा हाडवैरी. तेव्हा हा पदार्थ मुळातच होऊ शकत नाही, असा तिचा निकाल. वेंगुर्ल्याच्या आमच्या घरात या निकालावर अपील नसतं.

मी मात्र राहतो चेंगडूला. सिचुआन प्रांताची राजधानी, कारण नोकरी. या गावात जेवणाबरोबर वाटीभर पाओत्साय, म्हणजे खारवलेल्या आंबूस भाज्या, आल्या नाहीत तर माणसांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्यातही तिखट काकडी. बाहेर खाऊन खाऊन ती मला इतकी आवडायला लागली, की घरी करावी असं मनात आलं. मनात आलं तोवर ठीक होतं, पण मी ते बोलून दाखवलं, आणि तेही समोरच्या दारातल्या बाईंपुढे.

या बाई सत्तरीच्या. चेंगडूत अशा बाईंना न्यांगन्यांग म्हणायचं, आपल्याकडच्या मावशीसारखं. त्यांना माझी चिनी कळत नाही आणि मला त्यांची सिचुआनी, त्यामुळे आमचे संबंध उत्तम आहेत. अडलंच तर मध्ये फोनवरचा दुभाष्या असतो. ‘घरी काकडी करणार’ हे मात्र त्यांना दुभाष्याशिवाय कळलं. त्या आत गेल्या, रुंद पात्याची सुरी घेऊन आल्या आणि मला न विचारता माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या.

सुरुवात झटपट प्रकाराने झाली. इथली काकडी हातभर लांब, हिरवीगार आणि अंगावर बारीक काटे असलेली. बाईंनी ती पाटावर आडवी ठेवली, वर सुरीचं पातं सपाट टेकवलं आणि तळहाताच्या टाचेने एक दणका दिला. काकडी उभी तडकली, तीन फाका झाल्या, बिया सुटून बाजूला आल्या. मग तिरके तुकडे. सुरीने गुळगुळीत चिरलेल्या काकडीवरून मसाला घसरून खाली जातो, खडबडीत फुटलेल्या काकडीच्या फटींत तो जाऊन बसतो, हे त्यातलं शास्त्र. माझ्या दणक्यानंतर काकडीचा एक भाग पाटावर राहिला, एक शर्टावर आला आणि एक फ्रिजखाली गेला. तो बहुधा तिथेच आहे. बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या काकड्या त्यांनीच फोडल्या.

मग मीठ चोळून पंधराएक मिनिटं ठेवायचं, सुटलेलं पाणी ओतून द्यायचं. वर ठेचलेला लसूण, साखर, काळं तांदळाचं व्हिनेगर. आणि शेवटी कढत तेलात सुक्या लाल मिरच्यांचे तुकडे आणि सिचुआन मिरे टाकून ते चर्रकन वर ओतायचं. फोडणीच की! एवढा परका देश, एवढी परकी भाषा, आणि शेवटी चर्र. मला गहिवरून आलं. त्याच क्षणी मिरचीचा खाट उठला आणि मी खोकत खोकत गॅलरीत गेलो, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी नेमकं कशाचं हे कुणाला कळलं नाही. बाई त्या धुरात शांतपणे उभ्या राहून मिरच्या काळ्या पडत नाहीत ना, हे बघत होत्या.

हे सिचुआन मिरे म्हणजे नावाचेच मिरे. ते आपल्या तिरफळाचे सख्खे भाऊबंद, एकाच कुळातले. तेही तसंच वापरायचं: काळी बी टाकून द्यायची, वरचं टरफल ठेवायचं. तिरफळाशिवाय बांगड्याचं तिखलं न खाणारा माणूस मी, मला कौतुक काय त्याचं, असं म्हणून मी चिमूटभर तसंच तोंडात टाकलं. ओठ माझे राहिले नाहीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2013 साली लोकांच्या ओठांना हे मिरे लावून ती झिणझिण किती वेगाची भासते ते मोजलं होतं. सेकंदाला सुमारे 50 कंपनं. घरातली वीजही 50 हर्ट्झचीच असते. म्हणजे मी त्या वेळी मेन लाइनवर होतो.

काकडी झकास झाली होती. मी आनंदाने न्यांगन्यांगना म्हटलं, ‘झालं की पाओत्साय!’ त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आई मॅगी करून ‘स्वयंपाक येतो’ म्हणणाऱ्या मुलींकडे बघायची. हे पाओत्साय नव्हे. हे तोंडी लावणं. पाओत्सायला बरणी लागते.

इथून खरा वनवास सुरू झाला.

ही बरणी मी आधी पाहिलीच नव्हती. तिच्या तोंडाभोवती बाहेरून एक खोलगट काठ असतो, खंदकासारखा. त्या खंदकात पाणी भरायचं आणि झाकण म्हणून एक वाटी त्यात उपडी घालायची. आतल्या भाज्या आंबताना वायू तयार होतो, तो पाण्यातून बुडबुडा होऊन बाहेर पडतो, पण बाहेरची हवा आत येऊ शकत नाही. आत हवा नाही म्हणून बुरशीला वाव नाही, आणि आंबटपणा आणणाऱ्या जिवाणूंचं राज्य. इतकी साधी, इतकी हुशार वस्तू मी बऱ्याच काळात बघितली नव्हती. ती आईला दाखवावी असं वाटलं, आणि दाखवली.

आईला फोन करणं हे इथे एक वेगळंच प्रकरण आहे. तिच्याकडचं अॅप चीनमध्ये चालत नाही, आणि चीनमधल्या अॅपवर भारतात 2020 पासून बंदी आहे. त्यामुळे आम्ही ऑफिसच्या मीटिंगच्या अॅपवर भेटतो. आई कॅमेऱ्यात कपाळ दाखवत येते आणि पहिली पाच मिनिटं म्यूटवर बोलते. त्या दिवशी म्यूट निघाला तो नेमका मी बरणीत ओतत असताना.

“काय ओततंस ता?”

“मिठाचं पाणी. उकळून गार केलेलं. लिटरला 60-70 ग्रॅम मीठ.”

“मेल्या, लोणच्यात पाणी घालतंस? तुझा डोक्या फिरला काय?”

तिचंही बरोबरच आहे. आमच्याकडे लोणच्याच्या दिवशी घरात ओल्या हाताचा माणूस दिसला तरी त्याला अंगणात काढत. बरणी उन्हात तापवायची, कैऱ्या पुसून घ्यायच्या, वर बोटभर तेल हवंच, तोंडाला दादरा बांधायचा. पाण्याचा थेंब गेला की लोणचं गेलं. आणि इकडे न्यांगन्यांगचं शास्त्र नेमकं उलटं: पाणी पाहिजेच, पण तेलाचा थेंब गेला की बरणी गेली. भाजी काढायच्या, म्हणजे जेवायच्या, काड्या कोरड्या आणि स्वच्छ हव्यात, तेलकट वाटीतून काढलेल्या काड्या तर बरणीच्या आसपासही नकोत. तेल आणि पाणी हा फरक सोडला तर दोघींची वाक्यं शब्दशः एकच होती. पण हा फरक सोडायला दोघीही तयार नव्हत्या. न्यांगन्यांगनी फोनमध्ये आमच्या कैरीच्या लोणच्याचा फोटो बघितला, तेलाचा तो लालभडक थर बघितला, आणि त्या खुर्ची ओढून बसल्या.

दोघींमध्ये सापडलो मी. दादरा बांधावा तर इकडच्या रागावतात, खंदक भरावा तर तिकडची.

बरणीत काय काय जातं? सिचुआन मिरे, आलं, लसूण, खडीसाखर, आख्ख्या हिरव्या-लाल मिरच्या. मीठ आयोडीनवालं नको, आणि शक्यतो आमच्याच प्रांतातल्या त्झिगोंगचं, असा न्यांगन्यांगचा आग्रह. मी त्यांना जरा डिवचलं. म्हटलं, काकडी मूळची आमची, हिमालयाच्या पायथ्याची. तुमच्याकडे ती पश्चिमेकडून आली, हान राजवटीतला दूत चांग छ्येन याने आणली असं तुमचीच परंपरा सांगते. मिरची तर अमेरिकेची. चीनमध्ये तिची पहिली नोंद 1591 ची, तीही शोभेचं झाड म्हणून. मग या लोणच्यात तुमचं काय? दुभाष्याने हे सगळं भाषांतरित केलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि मिठाचं पाकीट माझ्या नाकासमोर धरलं. त्झिगोंगच्या लोकांनी बांबूच्या साधनांनी जमिनीत भोकं पाडून खारं पाणी वर काढलं, आणि 1835 साली एक विहीर हजार मीटरच्याही खाली नेली. तेवढ्या खोल तोवर जगात कोणी गेलं नव्हतं. मीठ आमचं. मी गप्प बसलो. वेंगुर्ल्याजवळ शिरोड्याला मिठागरं आहेत, पण तिथे मीठ वरच मिळतं.

बरणी भरल्यावर ती घरातली माणसं मोजताना धरायची असते. रात्री दोनला स्वयंपाकघरातून आवाज आला: बुडुक. थोड्या वेळाने परत, बुडुक. बायको म्हणाली, नळ टपकतोय. मी उठून नळ आवळला. बुडुक. पाण्याचं मशीन बंद केलं. बुडुक. शेवटी टॉर्च घेऊन अंधारात उकिडवा बसलो, तेव्हा दिसलं की झाकण किंचित उचलतं, कडेने एक बुडबुडा फुटतो आणि झाकण परत बसतं. मी बायकोला उठवून दाखवलं. तिने ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. सकाळी तिने बरणी आणि मी यांच्यापैकी एकाची झोपायची व्यवस्था गॅलरीत करण्याचा प्रस्ताव मांडला.

खंदकातलं पाणी आटतं, म्हणून ते रोज बघायचं. ते घाण झालं तरी चालत नाही, कारण हवा गार पडली की बरणी तेच पाणी आत ओढून घेते. गावाला जायचं तर शेजारी किल्ली द्यायची. लोक मांजरासाठी किल्ली देतात, आम्ही खंदकासाठी.

आणि मग एके दिवशी पाण्यावर पांढरा पापुद्रा आला. सुरकुतलेला, नाजूक, साय धरावी तसा. हे एक प्रकारचं यीस्ट, कुठून तरी हवा गेली की येतं. आईला मी दाखवलं नव्हतं, पण तिने कॅमेऱ्यातून पाहिलंच. ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य म्यूटवर असूनही मला ऐकू आलं. न्यांगन्यांग मात्र जराही घाबरल्या नाहीत. पापुद्रा पळीने काढला, घरून एक बाटली आणली आणि बरणीत दोन झाकणं ओतली. बाटलीतला द्रव पाण्यासारखा स्वच्छ होता आणि त्याच्या नुसत्या वासाने माझ्या भुवया वर गेल्या. बायच्यू. ज्वारी आंबवून गाळलेली दारू, 52 टक्के.

मीटिंग अजून चालू होती.

“ती बाटली कसली?” आईने विचारलं.

मी सांगितलं. शांतता. मग, “आता लोणच्याक सुद्धा पाजूक लागलंस?”

एवढं होऊनही काकडी काही जमेना. मी ती बरणीत आठवडाभर ठेवली तर लिबलिबीत झाली. तेव्हा न्यांगन्यांगनी उलगडा केला की काकडी मुरवायची नसतेच. मुळा, घेवडा, आलं मुरतं. काकडीला संध्याकाळी फक्त अंघोळीला पाठवायचं आणि सकाळी बाहेर काढायचं. इथे या प्रकाराला अंघोळीचं पाओत्सायच म्हणतात. पण अंघोळीचं पाणी मुरलेलं हवं, आणि माझं अजून कोवळं. शिवाय काकडी पाणी सोडते, त्यामुळे प्रत्येक अंघोळीनंतर मीठ वाढवायचं. मग त्या घरी गेल्या आणि आपल्या बरणीतलं पळीभर पाणी घेऊन आल्या. ते पाणी त्यांच्या आईच्या बरणीतून आलेलं. जुन्यातून नव्यात घालत घालत इथवर.

दुभाष्याचा आवाज चालू होता, आणि आई ऐकत होती.

“म्हणजे विरजण,” ती म्हणाली.

पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला होता. विरजण तिला कळतं. चांगलं विरजण कुणाकडून मागून आणावं आणि कुणाला देऊ नये, याची तिची यादी अख्ख्या वाडीला पाठ आहे. तिने मला फोन त्या बाईंकडे धरायला सांगितला. विचारलं, पाणी किती वर्षांचं, मीठ केव्हा वाढवता, पावसाळ्यात काय करता. त्यांनी विचारलं, तेल कुठलं, कैरी किती दिवस उन्हात. मी फोन धरून उभा. हात भरून आला म्हणून तो साखरेच्या डब्याला टेकवला, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. शेवटी बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं, आणि आई इतकी हसली की कॅमेऱ्यात पहिल्यांदाच तिचा पूर्ण चेहरा दिसला. दुभाष्या म्हणाला, ‘पाणी चांगले आहे. मुलाचा हात वाईट आहे.’

दुसऱ्या दिवशीची काकडी मात्र अशी उतरली, की बायको बरणीशेजारी उभी राहूनच खात होती. कुरकुरीत, आंबट, मागून तिखट, आणि शेवटी ओठांवर ते 50 हर्ट्झ. बरणी आता गॅलरीत जाणार नाही, असं तिने जाहीर केलं. माझ्याबद्दल काही म्हणाली नाही.

आता दर रविवारी भारतातल्या सकाळी दहाला, म्हणजे आमच्या साडेबाराला, त्या दोघींची मीटिंग असते. तिकडून वाळवलेल्या तिरफळांची पुडी येऊन गेली. न्यांगन्यांगनी ती हुंगून ‘झिणझिण कमी, वास चांगला’ असा शेरा दिला आणि निम्मी ठेवून घेतली. आई तिकडे काचेच्या बरणीला खंदक कसा करता येईल, याचा विचार करतेय. त्यात कैरी घालणार म्हणते. मीटिंगचं आमंत्रण ती स्वतःच पाठवते, कुणाकडून तरी शिकून घेतलंय. मलाही येतं. माझं नाव त्यात ‘ऐच्छिक’ या रकान्यात असतं.