श्रीलंकेचं पुस्तक: किलोमीटर नको, तास सांगा

श्रीलंकेतल्या परवानाधारक गाईडने स्वतः लिहिलेल्या मार्गदर्शिकेवरचा लेख आवडला. असा माणूस किलोमीटर नाही, तास सांगतो, आणि तेच हवं असतं. कँडी ते एला नकाशावर जवळ दिसतं, पण रेल्वेने सहा-सात तास सहज जातात. नुवारा एलियाला उतरायचं तर स्टेशनचं नाव नानू ओया, हे माहीत नसेल तर गाडी पुढे निघून जाते.

सगळ्यात जास्त घोळ हंगामाचा होतो. आपल्याकडचे लोक मे महिन्याच्या सुट्टीत नैर्ऋत्य-दक्षिण किनाऱ्यावरच्या बेंटोटा, मिरिसाची हॉटेलं घेतात. नेमका तेव्हाच नैर्ऋत्य मोसमी वारा सुरू होतो आणि तिथला समुद्र खवळतो. मे ते सप्टेंबर पोहायचं असेल तर पूर्व किनारा धरा, त्रिंकोमाली किंवा आरुगम बे.

सिगिरिया या प्राचीन कातळकिल्ल्याला साधारण १२०० पायऱ्या आहेत, त्यामुळे सकाळी दार उघडताच चढायला लागा. वाटेतल्या सिंहाच्या भल्यामोठ्या शिल्पातल्या पंजांच्या वर लोखंडी जिना उघड्या उन्हात आहे. तिथे आरडाओरडा अजिबात नको, कड्यावर गांधीलमाश्यांची पोळी असतात. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. भारतासह सार्क देशांच्या नागरिकांना सिगिरियाच्या प्रवेश तिकिटात सवलत मिळते, पण पासपोर्ट दाखवल्यावरच. आणि पोया म्हणजे पौर्णिमेला देशभर दारूविक्री बंद, देवळांत तुफान गर्दी. तारखा ठरवतानाच पौर्णिमा बघून घ्या.