वाचत राहिलं की विचार आपोआप येतात? नाही येत

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतो: 'आठवड्याला एक पुस्तक, वर्षाला 52. वाचत राहा, विचार आपोआप सुचतील. बाबासाहेबांनीही तेच केलं. वेगळा वेळ काढायची गरज नाही.'

आधी 52चा हिशेब. 300 पानांचं पुस्तक, पानाला 250 शब्द, मिनिटाला 200 शब्दांचा वेग धरला तर एका पुस्तकाला सव्वासहा तास. वर्षाचे 325 तास, म्हणजे रोज 53 मिनिटं. क्लास किंवा नोकरी सांभाळून एवढाच मोकळा वेळ हाती लागतो आणि तोही दुसऱ्याच्या डोक्यामागे चालण्यात जातो.

'आपोआप सुचतील' हे त्याहून फसवं. पुन्हा वाचलेलं वाक्य ओळखीचं वाटतं आणि ओळखीलाच आपण समज म्हणतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर तपासलं तेव्हा मात्र लिहिणारे. ही तर नुसत्या आठवणीची गोष्ट, विचार त्याच्याही पुढचा.

बाबासाहेबांचं नाव निदान नागपुरात तरी जपून घ्यावं. त्यांचं वाचन अफाट होतं, यात वादच नाही. पण हिंदू धर्म सोडण्याची येवल्याची घोषणा 13 ऑक्टोबर 1935ची, दीक्षाभूमीवरचं धर्मांतर 14 ऑक्टोबर 1956चं. मधल्या 21 वर्षांत त्यांनी शीख धर्मासह इतर वाटाही तोलून पाहिल्या. अनुयायांना दिलेल्या 22 प्रतिज्ञा कुठल्या जुन्या ग्रंथातून उतरवलेल्या नाहीत, त्या त्यांनी स्वतः रचल्या. वाचन आणि हे तोलणं, दोन्ही कामं वेगळी.

राहिला वेळ. 52 पुस्तकांऐवजी 26 धरली की आठवड्याला तीन तास सुटतात. त्यातून 40 मिनिटांच्या चार बैठका बसतात. मोबाइल दुसऱ्या खोलीत, समोर एक कोरा कागद. विषय नको, प्रश्न हवा. 'विदर्भाचा अनुशेष' (विकासातली मागे राहिलेली तूट) यावर माहितीच आठवत बसते. '1953च्या नागपूर करारातून आलेलं हिवाळी अधिवेशन बंद झालं तर नेमकं कोणाचं नुकसान?' यावर डोकं चालवावंच लागतं. पहिली 10 मिनिटं सुचेल ते लिहा. पुढची 15 विरुद्ध बाजू, तीही तिच्या कट्टर समर्थकाला पटेल इतकी जोरकस. मग 10 मिनिटं प्रत्येक वाक्यापुढे 'वा' (वाचलेलं), 'पा' (पाहिलेलं) किंवा 'अं' (अंदाज) अशी खूण. शेवटची पाच मिनिटं पुस्तकात शोधायच्या तीन गोष्टी लिहायला. पुस्तक त्यानंतर उघडायचं.

पहिल्या कागदावर बहुतेक 'वा'च दिसतात, त्याने खचू नये. सातव्या-आठव्या मिनिटाला सुचणं आटतं आणि हात मोबाइलकडे जातो. तिथे उठलात की बैठक फुकट. तेच वाक्य तिसऱ्यांदा आलं तर मात्र तो विचार नाही, घोळ आहे. प्रश्न लहान करा. अंबाझरी तलावावर चालत विचार करायचा असेल तर इअरफोन घरी ठेवा, आणि मे महिन्यात सातच्या आत परत या. नंतर ऊनच तेवढं सुचतं.

कायद्याचं कलम, औषधाचा डोस, पुलाचा भार इथे स्वतंत्र विचार दाखवू नका. तिथे आधी पुस्तक.