आमदार व्हायचे असेल तर सांगोल्याकडे पाहू नका

येत्या विधानसभेसाठी आपण इच्छुक असल्याचे आपल्या गावच्या कमानीवरील फलकावरून समजले. फलकावर आपण फोन कानाला लावून कोणाशी तरी अत्यंत गंभीर विषयावर बोलत आहात, खाली शुभेच्छुकांचे चेहरे दाटीवाटीने बसवले आहेत आणि नावाआधी 'भावी आमदार' ही पदवीही लागली आहे. म्हणजे तयारी बरीच झाली. उरला तो अभ्यास, आणि त्या बाबतीत एक धोका आपल्या कानावर घालणे आम्ही कर्तव्य समजतो. एखादा हितशत्रू आपल्याला सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघाचा इतिहास वाचायला सांगेल. वाचू नका. वाचलाच, तर त्यातले काय घ्यायचे आणि काय टाकायचे हे आधी समजून घ्या.

या मतदारसंघाने गणपतराव देशमुख नावाच्या एका वकिलाला १९६२ साली प्रथम विधानसभेत पाठवले. त्यानंतर १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे मिळून अकरा वेळा तोच माणूस आणि तोच शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) निवडून आला. लोक त्यांना आबासाहेब म्हणत. या काळात राज्यात काँग्रेस फुटली, जुळली आणि पुन्हा फुटली, युतीची राजवट येऊन गेली, आघाडीची तीन सरकारे झाली; हे गृहस्थ मात्र एकाच पक्षात राहिले आणि तो पक्षही असा, की ज्याचे आमदार मोजायला दोन्ही हातांची बोटे पुढे पुढे जास्तच पडू लागली. आपण हा मार्ग धरू नये. पक्षप्रवेशाच्या वेळी गळ्यात पडलेले प्रत्येक उपरणे धुऊन, इस्त्री करून जपून ठेवावे. कोणते केव्हा लागेल ते सांगता येत नाही.

आता प्रवासाविषयी. हे आमदार एस.टी.ने फिरत. एस.टी.च्या गाडीत खिडकीच्या वर महिला, अपंग, स्वातंत्र्यसैनिक अशी जी आरक्षणाची अक्षरे रंगवलेली असतात, त्यांतच एके ठिकाणी विधिमंडळ सदस्यासाठीही जागा राखून ठेवलेली असते. आपण कधी पाहिली नसेल, कारण त्या बाकावर बहुधा एखाद्या आजींची पिशवी, शेजारी कोथिंबिरीची जुडी आणि खाली पायाशी तेलाचा डबा असतो, आणि खरोखरचा आमदार येऊन आपल्याला उठवील अशी भीती त्या आजींना आयुष्यात कधी वाटलेली नसते. गणपतरावांनी ती जागा वापरली. या सवयीचे दुष्परिणाम लक्षात घ्या. एस.टी.त बसलेल्या आमदाराला काच वर करता येत नाही, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असे सांगायला सोबत कोणी नसते आणि शेजारचा माणूस पुढचा थांबा येईपर्यंत विजेच्या बिलाबद्दल बोलत राहतो. आपल्यासाठी काळ्या काचांची गाडी आणि मागे तशाच आणखी चार गाड्या हेच योग्य. मतदाराला धूळ दिसली की विकासही दिसतो.

पाण्याचा मुद्दा जरा सविस्तर सांगावा लागेल, कारण चूक बहुतेक इथेच होते. सांगोला हा पिढीजात दुष्काळी तालुका. माण नदी नावाला आहे; माळरानावर डाळिंब जगवायचे तर टँकर विकत घेण्याची वेळ येते. गणपतराव आणि क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावे म्हणून आटपाडीला वर्षानुवर्षे पाणी परिषदा भरवल्या. टेंभू, म्हैसाळ ही उपसा सिंचन योजनांची नावे त्या भागात देवाच्या नावासारखी उच्चारली जाऊ लागली ती त्यातूनच. विरोधक विचारत, की पन्नास वर्षे आमदार असूनही पाणी यायला एवढा उशीर का? प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता, आणि दोनदा मंत्री राहिलेल्या माणसाला तो विचारला जाणारच. आपण मात्र यातून वेगळाच बोध घ्यावा. पाणी मागत राहणे किंवा आणणे या दोन्ही गोष्टी कष्टाच्या आहेत. पाण्याचे पूजन करणे सोपे आहे. कालव्यात चाचणीपुरते पाणी सुटले, की नारळ, ओटीचे ताट आणि ड्रोनवाला घेऊन आपण काठावर हजर असावे. ते पाणी पुढच्या गावापर्यंत पोहोचेल की नाही, हा पाटबंधारे खात्याचा विषय आहे.

संस्था काढण्याचा मोह आवरणार नसेल, तर ती सूतगिरणी नसावी. गणपतरावांनी सांगोल्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी काढली, इथवर ठीक होते. पण त्यांनी ती चालवलीही. सहकारात हा औचित्यभंग समजला जातो.

एवढे सगळे सांभाळूनही हा माणूस दोनदा पडला, हे आपल्यासारख्या अभ्यासकाने अधोरेखित करून ठेवावे. १९७२ साली पडला आणि दोन वर्षांत परत आला. १९९५ साली काँग्रेसच्या शहाजीबापू पाटील यांनी त्यांना हरवले, तेही अवघ्या १९२ मतांनी. १९२ मतांचा फरक फिरवायला ९७ माणसांनी दुसरीकडे शिक्का मारला असता तरी पुरे होते. ९७ माणसे म्हणजे दोन एस.टी. गाड्या. साडेचार वर्षांनी, म्हणजे १९९९ साली, त्याच मतदारांनी आबासाहेबांना परत बोलावले आणि पुढची वीस वर्षे बापूंना ताटकळत ठेवले. अशा मतदारांवर विसंबून आपण घरावर कर्ज काढणार आहात, याचा घरी एकदा उच्चार करावा.

२०१९ मध्ये वयामुळे गणपतराव थांबले. आधी एका कार्यकर्त्याचे नाव पुढे आले, मग कार्यकर्त्यांच्याच आग्रहाने उमेदवारी नातवाकडे, डॉ. अनिकेत देशमुख यांच्याकडे आली. आयुष्यभर तत्त्वाने चाललेल्या पक्षालाही अखेर नातू सापडतो, हे वाचून आपल्याला धीर आला असेल. परंतु नातू पडला आणि शिवसेनेच्या तिकिटावर शहाजीबापू निवडून आले. या वेळचा फरक ७६८ मतांचा. सुमारे तीनशे मतदान केंद्रे धरली, तर केंद्रामागे अडीच मते. म्हणजे दुपारी झोप लागली म्हणून जे दोघे-तिघे मतदानाला गेले नाहीत, तेवढेच.

यापुढचा भाग आपल्याला सर्वांत प्रिय वाटेल. जून २०२२ मध्ये शिवसेनेतील बंडाच्या वेळी बापू गुवाहाटीच्या हॉटेलातून आपल्या कार्यकर्त्याशी फोनवर बोलले आणि 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' ही वाक्ये दोन दिवसांत महाराष्ट्राच्या तोंडी झाली. लहान मुले म्हणू लागली, लग्नाच्या वरातीत वाजू लागली, टी-शर्टांवर छापली गेली. सत्तावन्न वर्षांत जी प्रसिद्धी एस.टी.तून मिळाली नाही, ती एका फोनने मिळाली. आपणही एक वाक्य तयार ठेवावे, हे आम्ही मनापासून सुचवतो. फक्त एक किरकोळ बाब नोंदवतो: ते वाक्य पाठ असलेल्या बहुतेक लोकांची नावे सांगोल्याच्या मतदार यादीत नव्हती. २०२४ मध्ये तिरंगी लढत झाली. महाविकास आघाडीतील शेकापला जागा सोडण्याऐवजी उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने ऐन वेळी पक्षात आलेल्या दीपक साळुंखे यांना उभे केले, मित्रपक्षानेच मते खाल्ली, आणि तरीही आबासाहेबांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख पंचवीस हजारांहून अधिक मतांनी आले. दहा वर्षांपूर्वी, २०१४ मध्ये, ऐंशी उलटलेल्या आजोबांनी याच बापूंना जवळपास तेवढ्याच मतांनी हरवले होते.

तेव्हा आपण हा इतिहास मिटून ठेवावा आणि फलकाकडे लक्ष द्यावे. पावसाने आपल्या फोटोचा एक कोपरा सुटला आहे. मतदारसंघाची पाहणी करायचीच झाली तर आपल्या गाडीतून करावी. क्वचित गाडी बंद पडून एस.टी.त चढावे लागलेच, तर त्या राखीव बाकाकडे जाऊ नका. आजी पिशवी उचलतील, सरकून जागाही देतील, आणि मग विचारतील, 'कुठल्या गावचा रं तू?'