केळी, द्राक्षं आणि फुईची पिशवी

गेल्या महिन्यात फुईचा, म्हणजे माझ्या आत्याचा, फोन आला. "पायात जीवच नही रे भाऊ, ओटाबी चढता येत नही." फुई यावल तालुक्यात राहते. वय अडुसष्ट, शुगर जुनी. बीपीसाठी टेल्मिसार्टन, आणि हृदयाचं पंपिंग कमी झाल्यापासून स्पायरोनोलॅक्टोन. जळगावला आणून रक्त तपासलं तर पोटॅशियम ६.२ निघालं. ते साधारण साडेतीन ते पाचच्या आत असावं लागतं. ईसीजी पाहून डॉक्टरांनी तिला तिथूनच दाखल करून घेतलं.

काय खाल्लं म्हणून विचारलं तर तिने मोबाइल पुढे केला. 'इंग्रजी गोळ्या घेणाऱ्यांसाठी पाच गुपितं.' हा मेसेज आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेलाय. तुमच्याकडेही आला असेल. मजकूर थोडक्यात असा: निसर्गातली कोणतीही वस्तू गोळीला आड येत नाही. बीपीवाल्यांनी रोज सहा केळी खावीत आणि स्वयंपाकात लो सोडियम मीठ वापरावं. कोलेस्टेरॉलच्या गोळीवर द्राक्ष म्हणजे विष. रक्त पातळ करायची गोळी असेल तर हिरवी भाजी कायमची बंद. सगळ्या गोळ्या एकदम दुधासोबत घ्याव्यात. आणि शेवटी ठळक अक्षरात, 'हे डॉक्टरला सांगू नका, ते बंद करायला लावतील.'

दुसऱ्या, केळी-मिठाच्या गुपितापासून सुरुवात करतो, कारण आमच्या घरात घुसलं ते हेच.

यात अर्धं खरं आहे, ते आधी मान्य करतो. केळ्यात आणि लो सोडियम मिठात पोटॅशियम असतं, आणि पोटॅशियमने बीपी उतरतं. उत्तर चीनमधल्या ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार लोकांवर मोठा प्रयोग झाला आणि २०२१ साली तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. निम्म्या गावांना साध्या मिठाऐवजी पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं, आणि त्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी भरलं. मेसेज लिहिणाऱ्याने हेच कुठून तरी उचललं असणार. पण त्याच प्रयोगात कोणाला घेतलं नव्हतं ते त्याने गिळून टाकलं. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेले आणि शरीरात पोटॅशियम अडवून धरणाऱ्या गोळ्या घेणारे लोक सुरुवातीलाच वगळले होते. घरातलं दुसरं कोणी तसं असेल तरीही वगळलं होतं, कारण मीठ साऱ्या घराचं एकच असतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, तीही मूत्रपिंडाच्या रुग्णांना सोडून.

स्पायरोनोलॅक्टोन ही नेमकी ती अडवून धरणारी गोळी. लघवीवाटे पोटॅशियम बाहेर टाकायला अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक लागतं. टेल्मिसार्टनने ते कमी तयार होतं आणि स्पायरोनोलॅक्टोन उरलेल्याला काम करू देत नाही. म्हणजे जायची वाट दोन्ही बाजूंनी अरुंद केलेली. वर शुगरने मूत्रपिंड आधीच थकलेलं. आता हिशोब करा. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम, सहा केळ्यांत २४००. चीनमधल्या त्या प्रमाणाचं पाच ग्रॅम मीठ धरलं तर आणखी साडेसहाशे. हे सगळं रोजच्या भाजी-वरणावर वरकड! धडधाकट माणसाची मूत्रपिंडं एवढं सहज बाहेर टाकतात. फुईची टाकू शकली नाहीत. पोटॅशियम असं साचलं की आधी पाय गळतात आणि मग हृदयाचे ठोके बिघडतात, कधी कधी काही जाणवायच्या आत.

"घरचंच केळं खाल्लं ना मी, जहर थोडं खाल्लं?" फुई अजून म्हणते. केळ्याच्या मुलखात हे पटवणं अवघड आहे, मला कळतं. केळ्यात काहीच खोट नाही. ते कोणत्या गोळीच्या सोबतीला पोटात जातं, ते पाहावं लागतं.

द्राक्षांचं गुपित वाचून तर डोकंच फिरलं. मूळ इशारा ग्रेपफ्रूटचा आहे! कोणीतरी त्याचं 'द्राक्ष' करून टाकलं आणि कोणालाही ते तपासावंसं वाटलं नाही. ग्रेपफ्रूट हे संत्र्या-पपनसाच्या गोत्रातलं आंबटकडू फळ आहे, द्राक्षाशी त्याचं काही नातं नाही. १९८९ मध्ये कॅनडातले संशोधक फेलोडिपिन या बीपीच्या गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते पाहत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तात औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त सापडलं. आतड्यात औषध मोडणारं एक एन्झाइम या रसाने बंद पडतं. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांपैकी अ‍ॅटोर्वास्टॅटिनही त्याच वाटेने मोडतं, रोसुवास्टॅटिन मात्र फारसं नाही. आपल्याकडे जपायचंच तर गणपतीच्या दिवसांत येणाऱ्या पपनसाला जपा, त्यात तीच द्रव्यं असतात. द्राक्षं खुशाल खा. आमच्या गल्लीतले एक काका हा मेसेज वाचून द्राक्षाच्या हंगामात कोलेस्टेरॉलची गोळीच बंद ठेवतात. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे.

हिरव्या भाजीचं अर्धसत्य आहे. वॉरफरिन किंवा असेनोकुमरॉल ही रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मेथी-पालकातलं व्हिटॅमिन के त्याच्या विरुद्ध काम करतं, हे खरं. पण डॉक्टर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासून डोस बसवतात तो तुमच्या नेहमीच्या जेवणावर. भाजी एकदम सोडली तर रक्त जास्त पातळ होतं, आणि मेथीच्या दिवसांत रोज जुडी खाल्ली तर गोळी कमी पडते. म्हणून रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेललाही लोक रक्त पातळ करायची गोळीच म्हणतात. त्यांचा मेथीशी काही संबंध नाही.

दुधाचं थोडक्यात सांगतो. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यायची, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि अंगी लागत नाहीत.

राहिलं 'निसर्गातलं आड येत नाही'. वॉरफरिनचा शोधच मुळी सडलेल्या गवतातून लागला. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात स्वीट क्लोव्हरचा बुरसटलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती, आणि त्या चाऱ्यातल्या द्रव्यावरून पुढे ही गोळी बनली. आपलं ज्येष्ठमध रोज भरपूर घेतलं तर बीपी वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. डिगॉक्सिन ही हृदयाची गोळी घेणाऱ्याला ते महागात पडतं.

आणि ती शेवटची ओळ, डॉक्टरला सांगू नका. माझा सगळ्यात जास्त राग या ओळीवर आहे. फुई दाखल असताना मी तिच्या घरची औषधांची पिशवी आणवली. तिने तोंडी सांगितल्या होत्या सहा गोळ्या. पिशवी कॉटवर पालथी केली तर वस्तू निघाल्या अकरा: शेजारणीने दिलेलं कॅल्शियम, ज्येष्ठमधाची पूड, अश्वगंधा, एक बिननावाचा काढा, आणि गुडघ्यासाठी मेडिकलवरून परस्पर आणलेलं डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध, तीन आठवड्यांपासून रोज दोन. या पाचांतलं एकही दवाखान्याच्या कागदावर नव्हतं. मी अकराही नावं एका कागदावर लिहिली, खाली केळी आणि मीठही लिहिलं. डॉक्टरांनी कागद वरून खाली वाचला आणि सगळ्यात आधी काट मारली ती डायक्लोफेनॅकवर. म्हणाले, टेल्मिसार्टनसोबत ही गोळी मूत्रपिंड बसवते आणि पोटॅशियम वाढवते, एकट्या केळ्याने कदाचित एवढं झालं नसतं. मग मिठावर काट मारली, मग काढ्यावर. केळ्यापाशी थांबून त्यांनी फुईला विचारलं, "अर्ध्यावर भागेल का, आजी?"