"चांगलासा माउथवॉश लिहून द्या ना"

आज परत तेच. दहावीतली मुलगी, दातांना तारा, आणि आईची मागणी, "हिच्या तोंडाला वास येतो, चांगलासा माउथवॉश लिहून द्या ना." पोरगी तोंडावर हात धरून बोलते. आईच्या मते ती हल्ली कुणात मिसळत नाही ते मोबाइलमुळे.

मोबाइलमुळे कसलं डोंबल! प्रत्येक ब्रॅकेटभोवती, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्याभोवती, पांढरट, चिकट थर. हिरड्या सुजून पार तारेला टेकलेल्या. रक्त येतं म्हणून ती तिथे ब्रशच लावत नव्हती, आणि ब्रश लागत नाही म्हणून रक्त येत होतं. हा थर माउथवॉशने जात नाही हो, घासूनच काढावा लागतो! तारांना हजारो रुपये मोजले, पण फटीत जाणारा छोटा इंटरडेंटल ब्रश कुणी आणून दिला नाही.

मऊ ब्रश घ्या, त्यावर वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. आधी तारेच्या वरची बाजू, ब्रश हिरडीकडे 45 अंशांत तिरपा धरून. मग तारेच्या खालून. मग तार आणि दात यांच्यामधल्या फटीत छोटा ब्रश. तारा असताना 2 मिनिटांत हे होत नाही, 4-5 लागतात. शेवटी जीभ, मागून पुढे. पेस्ट नुसती थुंकायची. खळाखळा चूळ भरली की फ्लोराइड वाहून जातं.

आणि रात्री घासायचंच, कारण झोपेत लाळ कमी होते. क्लासवरून साडेनऊला आलेलं पोर जेवून पुस्तकावरच झोपतं, मान्य. मग जेवणानंतर जरा वेळाने, पुस्तक उघडायच्या आधी घासू दे. नंतर फक्त पाणी.

आई पैसे द्यायला बाहेर गेली तेव्हा त्या मुलीने हळूच सांगितलं, वर्गात तिला 'गटर' म्हणतात. निरोप समारंभापर्यंत वास जाईल का, हेही विचारलं. जाईल गं बाई. नीट घासलंस तर रक्त साधारण आठ-पंधरा दिवसांत थांबतं, वासही उतरतो. तसंच सोडलं तर मात्र ब्रॅकेट निघाल्यावर त्याभोवतीचे पांढरे डाग दातांवर दिसत राहतात, ते सहजासहजी पुसले जात नाहीत.

पंधरा दिवसांनीही रक्त थांबलं नाही तर हिरडीखाली कीटण असेल, ते आम्हीच काढायचं. क्वचित टॉन्सिलमधल्या खड्यांचा वास असतो. तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, मेडिकलमध्ये माउथवॉश विचारत फिरू नका.